जुन्या चित्रपटाला हात लावताना

'रांझणा' हा २०१३ चा हिंदी चित्रपट. त्याची तमिळ आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा थिएटरात लागली तेव्हा तिचा शेवट बदललेला होता. मूळ चित्रपटात नायक मरतो. नव्या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने त्याला जिवंत केलं होतं. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर विरोध केला, पण हक्क ज्या कंपनीकडे होते तिने तो जुमानला नाही.

संताप रास्तच होता. मात्र कायद्याचं पुस्तक उघडलं की कंपनीची बाजू वाटते तितकी लंगडी निघत नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो, दिग्दर्शकाला नाही. कृतीची मोडतोड रोखण्याचा कर्त्याचा हक्क कलम ५७ मध्ये आहे, पण जो कर्ताच ठरत नाही त्याला त्या कलमाचा आधार घेणं जड जातं. आणि चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे फाळक्यांचे मूकपट, प्रभातचे बोलपट आज कुणाच्याच मालकीचे नाहीत. त्यांना कुणीही रंगवावं, कापावं, ताणावं. हरकत घ्यायला मालक नाही आणि कर्ते केव्हाच गेले.

बदल करूच नयेत, असं म्हणण्यात अर्थ नाही. नव्वद वर्षांपूर्वीची फिल्म आज पडद्यावर आणायची तर तिला हात लावावाच लागतो. मागणी दोनच गोष्टींची असावी. काय बदललं ते चित्रपटाच्या सुरुवातीला लिहा, आणि न बदललेली आवृत्ती त्याच ठिकाणी, तितक्याच सहज मिळेल अशी ठेवा. शेवट बदलण्यासारखे ढळढळीत प्रकार विरळा असतात आणि त्यांची बातमी तरी होते. खरं नुकसान रोज होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ते वेगात होतं, चौकटीत होतं, फिल्मच्या कणांत होतं.

वेगाचं उदाहरण घरचंच घेऊ. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. लांबी ३७०० फूट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे मिनिटाला ९० फूट. या हिशेबाने ३७०० फूट एक्केचाळीस मिनिटांत संपतात. पण मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे आणि वेग बहुतेकदा सोळाच्या आसपास असायचा. त्या वेगाने तीच फिल्म तासभर चालते. संदर्भग्रंथांत आणि संकेतस्थळांवर या चित्रपटाची लांबी सर्रास चाळीस मिनिटं सांगितलेली आढळते. ती खरी धरली तर हरिश्चंद्र, तारामती आणि विश्वामित्र तिघेही दीडपट घाईत होते असं मानावं लागेल.

मूकपटातली माणसं तुरुतुरु चालतात, हातवारे फार करतात, म्हणून लोक हसतात. अभिनय भडक असायचा हे काही अंशी खरं आहे, पण त्या तुरुतुरु चालण्याचा दोष यंत्राकडे जातो. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. ते मूल पडद्यावर किती सहज वावरतं हे योग्य वेगातच कळतं. चोवीसच्या वेगाने पाहिलं तर नुसती धांदल दिसते. योग्य वेग काढायचा कसा? एक आकडा सगळीकडे लावून भागत नाही, कारण हात फिरवणाऱ्याचा वेग प्रसंगाप्रसंगाला बदलायचा. म्हणून प्रत्येक तुकड्यात वजनाच्या गोष्टी पाहायच्या: पडणारं पाणी, उडी मारून जमिनीवर येणारा माणूस, खाली येणारा पदर. गुरुत्वाकर्षण तेव्हाही हेच होतं. त्यावरून सेकंदाला चौदा, सोळा की अठरा हे ठरतं. मग चोवीसपर्यंतची मधली जागा भरायला काही चित्रं दोनदा दाखवायची. नवी चित्रं यंत्राकडून घडवून घेतली की हालचाल तेलकट गुळगुळीत होते आणि हाताची बोटं एकमेकांत विरघळतात.

ही कसरत किती फळ देते ते पीटर जॅक्सनच्या 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' या २०१८ च्या माहितीपटात दिसतं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडची पहिल्या महायुद्धाची सुमारे शंभर तासांची दृश्यं त्याने चाळली. ती सेकंदाला तेरापासून अठरापर्यंत वेगवेगळ्या वेगांनी घेतलेली होती. वेग जुळवल्यावर खंदकातले विदूषकी सैनिक एकदम विशी-बाविशीचे पोरगे दिसायला लागतात. एवढ्या एका दुरुस्तीसाठी हा माहितीपट पाहावा. पण जॅक्सन तिथे थांबला नाही. त्याने रंग भरले, ओठांच्या हालचाली वाचणारे तज्ज्ञ बसवून संवाद घातले, तोफांचे आवाज घातले आणि जवळजवळ चौकोनी चित्र रुंद पडद्यासाठी वरखाली कापलं. वेग लावणं ही दुरुस्ती होती. बाकीचं सगळं नाट्यीकरण आहे. ते वाईट आहे असं नाही. फक्त ते १९१६ चं नाही, २०१८ चं आहे. दोन्ही एकाच श्वासात 'पुनरुज्जीवन' म्हणून खपवलं गेलं, ही माझी तक्रार. मूळ दृश्यं संग्रहालयात शाबूत आहेत, म्हणून या प्रयोगाला मी माफ करतो.

आपल्याकडे मूळ शाबूत असण्याची हमी नाही. आपण तेराशेच्या आसपास मूकपट काढले आणि त्यांतले तीसही धड उरलेले नाहीत. पहिला बोलपट 'आलम आरा' गेला. सुरुवातीच्या काळातली नायट्रेट फिल्म भडकन पेटते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि कित्येक मूळ रिळं एका दिवसात खाक झाली. पुढच्या अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, ती आक्रसते आणि मग प्रोजेक्टरच्या दातांवर बसत नाही. आगीतून आणि आक्रसण्यातून जे वाचलं त्यातलं बरंचसं चांदी काढण्यासाठी भंगारात गेलं. म्हणून मूळ जपण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त टोकाचा आहे. नक्कल बदलली तर इथे बऱ्याचदा तीच एकमेव नक्कल असते.

आता चौकट. १९३२ नंतरच्या जुन्या बोलपटांची चौकट उंचीच्या १.३७ पट रुंद. आजचा टीव्ही १.७८ पट. जुना बोलपट टीव्हीवर दाखवायचा सरळ मार्ग म्हणजे डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या सोडायच्या. पण "स्क्रीन पूर्ण भरत नाही" अशी तक्रार येते, आणि वाहिन्यांना आणि यूट्यूबवर चढवणाऱ्यांना पट्ट्या नको असतात. मग दोनपैकी एक होतं. एक तर चित्र आडवं ताणतात, म्हणजे प्रत्येक माणूस तीस टक्के जाड होतो. नाही तर वरून-खालून कापतात, म्हणजे चित्राची तेवीस टक्के उंची जाते. ताणणं दिसतं तरी. कापलेलं कळत नाही, कारण जे कधी पाहिलंच नाही ते गेलं हे कळायचं कसं?

'संत तुकाराम' (१९३६) घ्या. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे दोघे दिग्दर्शक मुळात पडदे रंगवणारे, नेपथ्य उभं करणारे कलावंत. त्यांची चौकट उभ्या दिशेने विचार करते. शेवटी तुकाराम महाराजांना घेऊन विमान वैकुंठाला निघतं तेव्हा एकाच चित्रात दोन जगं असतात, वर जाणारा तुकाराम आणि खाली जमिनीवर उरलेली माणसं. वरून कापाल तर स्वर्ग जातो, खालून कापाल तर संसार. जिजाईच्या बाजूने हा चित्रपट पाहणाऱ्याला (आणि गौरीबाईंचं काम पाहिल्यावर दुसऱ्या बाजूने पाहणं कठीणच आहे) ती जमीन दिसलीच पाहिजे. तिथे चौथाई उंची उडवणं म्हणजे अभंगाचा एक चरण गाळून छापण्यासारखं आहे. मूकपट आणि सुरुवातीचे बोलपट यांच्या संक्रमणात आणखी एक गंमत होते. मूकपटाचं चित्र फिल्मची पूर्ण रुंदी व्यापतं. तेच पुढे ध्वनीपट्टी असलेल्या प्रिंटवर उतरवलं की डावी कड पट्टीखाली गाडली जाते. पडद्यावर डाव्या टोकाला उभी असलेली माणसं कानाजवळ कापलेली दिसली तर कॅमेरामनला बोल लावू नका.

रंगाचा वाद सगळ्यांत गाजतो. 'मुघल-ए-आझम' ५ ऑगस्ट १९६० ला आला तेव्हा बहुतांश कृष्णधवल होता. 'प्यार किया तो डरना क्या' हे शीशमहलातलं गाणं आणि शेवटचा भाग टेक्निकलरमध्ये होता. २००४ मध्ये सगळा चित्रपट रंगवून, पार्श्वसंगीत नव्याने वाजवून, लांबी कमी करून तो पुन्हा लागला आणि भरपूर चालला. रंगवण्याच्या बाजूचा सर्वांत दणकट मुद्दा असा, की दिग्दर्शक के. आसिफना स्वतःलाच पूर्ण चित्रपट रंगीत करायचा होता. रंगातला पहिला निकाल पाहिल्यावर सगळंच पुन्हा चित्रित करायची त्यांची तयारी होती. वितरक थांबायला तयार नव्हते, म्हणून राहिलं.

हा मुद्दा खरा आहे, आणि तरीही पुरेसा नाही. त्यांच्या मनात काय होतं ते मनात राहिलं. पडद्यावर जे आलं ते लोकांनी पाहिलं. करड्या दरबारात दोन तास बसलेल्या प्रेक्षकापुढे अनारकली बादशहाच्या तोंडावर प्रेमाची कबुली देते आणि त्याच क्षणी आरशांतून रंग फुटतो. हा परिणाम नाइलाजातून आला असेल, पण आला. २००४ च्या आवृत्तीत ती पहिल्या प्रसंगापासून रंगीत आहे. शीशमहल तिथे एक भरजरी गाणं होऊन बसतं. शिवाय कृष्णधवल चित्रपटाची प्रकाशयोजना रंगासाठी केलेली नसते. छायाचित्रकार राखाडीच्या छटांनी पुढचा माणूस मागच्या भिंतीपासून सोडवतो. त्यावर रंग चढला की भिंत आणि शेला दोन्ही ओरडायला लागतात. तीच आपत्ती 'नया दौर'च्या रंगीत आवृत्तीवरही आली.

या वादाचा निकाल परदेशात दोन तऱ्हांनी लागला आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनचा 'द अस्फाल्ट जंगल' (१९५०) टर्नर कंपनीने रंगवला आणि एका फ्रेंच वाहिनीला तो दाखवायचा होता. ह्यूस्टनचे वारस कोर्टात गेले. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ मे १९९१ ला वारसांच्या बाजूने कौल दिला: चित्रपट अमेरिकन असला, हक्क कंपनीचे असले, तरी कर्त्याच्या कृतीची मोडतोड फ्रान्समध्ये चालणार नाही. अमेरिकेने बंदीचा मार्ग घेतला नाही. १९८८ च्या कायद्याने दरवर्षी पंचवीस चित्रपटांची राष्ट्रीय यादी करायला सुरुवात केली, आणि त्या यादीतला चित्रपट रंगवला किंवा लक्षणीय बदलला तर तसं ठळक लिहिणं भाग पाडलं. माझा कल अमेरिकन मार्गाकडे आहे. बंदी घालायची तर कुणीतरी वारस, कुणीतरी मालक लागतो. फाळक्यांच्या आणि प्रभातच्या चित्रपटांना पाटी पुरेल आणि ती सरकारला लावता येईल.

चांगली दुरुस्ती कशी असते याचं उदाहरण 'पथेर पांचाली'चं. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या ('पथेर पांचाली', 'अपराजितो', 'अपूर संसार') मूळ निगेटिव्ह जळून, वितळून गेल्या. जे उरलं ते टाकून न देता ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीच्या संग्रहाने जपून ठेवलं. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ठिसूळ फिल्मला पुन्हा ओलावा दिला गेला, कडेची भोकं हाताने दुरुस्त केली गेली, मग ती स्कॅन झाली. 'पथेर पांचाली'ची सुमारे चाळीस टक्के आणि 'अपराजितो'ची साठ टक्क्यांहून अधिक निगेटिव्ह वापरता आली. उरलेले भाग वेगवेगळ्या संग्रहांतल्या नकलांमधून घेतले. काय कुठून आलं याची नोंद प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये ती आवृत्ती आली तेव्हा फिल्मचे कण जागेवर होते.

या कणांबद्दल दोन शब्द. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचंच बनलेलं असतं. कण पुसले की चित्र स्वच्छ होत नाही. चेहरे मेणाचे होतात, खादीचं कापड प्लास्टिकसारखं दिसतं. धूळ काढणारी स्वयंचलित प्रणाली याहून धोकादायक. तिचा नियम साधा असतो: एका चित्रात ठिपका आहे आणि मागच्या-पुढच्या चित्रात नाही, म्हणजे तो कचरा. पावसाचा थेंबही नेमका असाच असतो. 'पथेर पांचाली'त दुर्गा भिजते तो पाऊस अशा यंत्राच्या हाती बिनदेखरेख दिला तर थेंब विरळ होत जातात, आणि पुसणाऱ्याला आपण पाऊस पुसला हे कळतही नाही. आगीच्या ठिणग्या आणि हवेत उडणारा गुलाल यांचीही तीच गत. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत अशा प्रसंगांत यंत्र बंद करून माणूस चित्रामागून चित्र पाहतो. खर्च तिथे होतो आणि काटकसरही तिथेच केली जाते. आवाजाचंही तसंच. खरखर घालवण्याच्या नादात 'स' आणि 'च' बोथट होतात, टाळ थाळीसारखे वाजतात.

मराठीत तर वेगळीच अडचण आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले कितीतरी मराठी चित्रपट आज लोकांसमोर आहेत ते व्हीसीडीवरून चढवलेले. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे एक लाखाच्या आसपास. 'फोर के' चित्र ३८४० गुणिले २१६० चं, म्हणजे ब्याऐंशी लाखांच्या वर. व्हीसीडीची नक्कल यंत्रातून काढून तिच्यावर 'फोर के' अशी चिठ्ठी डकवली की दर ब्याऐंशी ठिपक्यांतले एक्क्याऐंशी यंत्राने आपल्या मनाने भरलेले असतात. दूरवरच्या पाटीवरची देवनागरी अक्षरं अगम्य चिन्हं झालेली दिसतात ती यामुळे. अशा नकलेपेक्षा मूळ अंधूक व्हीसीडी बरी. ती निदान खोटं बोलत नाही.

'शोले'ने मात्र या सगळ्या विचारात एक गाठ मारून ठेवली आहे. १९७५ मध्ये आणीबाणीत सेन्सॉरने शेवट बदलायला लावला: ठाकूर गब्बरला मारत नाही, पोलीस येतात. २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलेल्या दुरुस्त आवृत्तीत मूळ शेवट परत आला. यातला खरा 'शोले' कोणता? दिग्दर्शकाच्या मनातला आता दिसतो आहे, याचा आनंदच आहे. पण पन्नास वर्षं ज्या चित्रपटाने लोकांच्या जिभेवर घर केलं त्यात पोलीस येतात, आणि ते पोलीस हा आणीबाणीचा दस्तऐवज आहे. तोही पुसू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा संहिता एक ठरवली, आणि नाकारलेले पाठभेद तळटीपांत छापले. वाचकाला दोन्ही एका पानावर मिळतात. चित्रपटाच्या बाबतीत हे करायला आज एक जादा फाइल पुरते.

घरी बसून पाहणाऱ्याच्या हातातही थोडं आहे. नवा टीव्ही दुकानातून येतो तेव्हा हालचाल गुळगुळीत करणारी सोय बहुधा चालू असते: सॅमसंगवर 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो'. चोवीस चित्रांच्या मध्ये ती बनावट चित्रं घुसवते आणि सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसायला लागतो. ती बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो एकच पर्याय निवडला की बहुतेक काम होतं. चित्राचा आकार 'झूम' किंवा 'वाइड'वरून काढून 'ओरिजिनल'वर आणा. क्रिकेटसाठी वेगळी सेटिंग ठेवायला कुणाची ना नाही.

आणि पाटी लावायची कुठे, हा प्रश्न अवघड नाही. आपल्याकडे प्रत्येक चित्रपट सेन्सॉरच्या प्रमाणपत्राने सुरू होतो. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते, जुन्यावर फुटांत, नंतरच्यांवर मीटरमध्ये. मिनिटाला सत्तावीस मीटरच्या थोडं वर, हा हिशेब लक्षात ठेवला तर ४१०० मीटरचा चित्रपट दीडशे मिनिटांचा हवा. टीव्हीसाठी सेकंदाला पंचवीस चित्रांच्या वेगाने उतरवलेली नक्कल १४४ मिनिटांत संपते. ती कापलेली नाही, चार टक्के घाईत आहे आणि गाणी अर्ध्या सुराहून थोडी कमी वर चढली आहेत. पण घड्याळ १३० वर थांबलं तर वीस मिनिटं कुणीतरी खाल्ली. प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात बदल केला तर मंडळाला कळवण्याचा नियम थिएटरसाठी आहेच. त्याच पानावर चार ओळी वाढवाव्यात: कोणत्या फिल्मवरून घेतलं, चौकट आणि वेग मूळचे आहेत का, काय घातलं किंवा काढलं, आणि न बदललेली आवृत्ती कुठे मिळेल. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून सरकार शेकडो कोटी रुपये खर्चते आहे. त्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक चित्रपटापासून ही सुरुवात उद्याही करता येईल, आणि दुरुस्तीआधीचा कच्चा स्कॅन पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.